मरणाच्या दारातून परतलेल्या प्रत्येकाला बोगदा दिसतो?

खानापूरकडच्या आमच्या गावात दहाव्याला माणसं बसली की हे हमखास निघतं: "मरून परत आलेल्या प्रत्येकाला काळोखा बोगदा आणि पलीकडं उजेड दिसतो, सायन्सनं सिद्ध केलंय." हे खरं नाही.

बोगद्याचं वर्णन जगभर पसरलं ते 1975 साली अमेरिकेतल्या रेमंड मूडी यांनी अशा आठवणी पुस्तकात मांडल्यावर. आपल्याकडचं चित्र वेगळं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयन स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये भारतातल्या 16 जणांचे अनुभव मांडले. त्यांत न्यायला आलेले यमदूत आहेत, वही उघडून बसलेला माणूस आहे आणि "चुकीच्या माणसाला आणलंत, माघारी सोडा" असा हुकूम आहे. माझी आज्जी अगदी हेच सांगायची. तापानं फणफणली होती तेव्हा चोपडी चाळणाऱ्यानं तिच्या नावावरचं बोट उचललं आणि पान उलटलं. संशोधन तिच्या कानावरही नव्हतं, चित्रगुप्त मात्र लहानपणापासून ओळखीचा. तिचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. आताची पोरं मात्र बोगदाच सांगतात, मोबाईलवर तेच पाहिलेलं असतं.

परवा शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "ह्यांचं हृदय थांबून सुरू झालं, पण काहीच दिसलं नाही म्हणतात. देवानं नाकारलं की काय?" नाही हो काकू. हृदय थांबून वाचलेल्या 344 रुग्णांना नेदरलँड्समध्ये विचारलं होतं, 2001 साली ते छापून आलं. अनुभव सांगणारे निघाले 62. उरलेल्या 282 जणांना काहीच आठवत नव्हतं.