उंदराची मान काय सांगते?

मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला जाताना खिडकीची जागा मी भाचीला देते आणि तिच्या समोर बसते. बाहेरचे माड, नद्या, कातळ तिने बघावेत; मी तिचे डोळे बघते. एखादं झाड नजरेत आलं की बुबुळं त्याच्याबरोबर सावकाश मागे जातात, मग झटक्यात पुढे येऊन दुसरं झाड पकडतात. तिला याचा पत्ताही नसतो. उक्षी मागे पडतं, गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, काचेत डब्यातले दिवेच दिसू लागतात आणि बुबुळं निवांत होतात.

समोरचं दृश्य सरकू लागलं की ते नजरेत स्थिर धरायची ही धडपड आपोआप होते. तान्ह्या बाळाला अक्षरांचा तक्ता वाचता येत नाही, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर त्याच्यासमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ढोल फिरवतात. डोळे पट्ट्यांमागे गेले, म्हणजे बाळाला पट्ट्या दिसताहेत.

उंदराला हाच प्रश्न विचारायचा तर त्याची मान बघायची. २००४ साली कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात ग्लेन प्रस्की आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी मांडणी केली. चारी बाजूंना चार पडदे, मधोमध उंचावर छोटी चकती, तिच्यावर मोकळा उंदीर. त्याला बांधायचं नाही, काही शिकवायचंही नाही. पडद्यांवर उभ्या पट्ट्या गोल फिरतात, उंदीर त्यांच्यामागे डोकं वळवतो. पट्ट्या बारीक करत गेलं की एका टप्प्यावर त्या त्याला वेगळ्या दिसेनाशा होतात आणि मान थांबते. निरोगी उंदराच्या बाबतीत एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून डोळ्याशी होणारा कोन साधारण अडीच अंशांवर आला की हा टप्पा येतो. हात लांब करून अंगठा धरलात तर त्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. आपल्या चांगल्या नजरेला एकाच अंशात अशा ३० जोड्या दिसतात!

आधी मान वळली की नाही, हे माणूसच वरच्या कॅमेऱ्यातून बघून ठरवायचा. पण माणूस दमतो. शिवाय कोणत्या उंदराला औषध दिलंय हे ठाऊक असेल, तर मन आशेने झुकतं. आता संगणक दर चित्रचौकटीत नाक, कान किंवा शरीराची कड शोधतो, डोक्याचा कोन काढतो आणि तो कोन किती वेगाने बदलतोय हे पट्ट्यांच्या वेगाशी ताडून पाहतो. उंदीर अंग चाटतो, हुंगतो, कडेवरून खाली डोकावतो, त्याचं काय? मला या पद्धतीतलं सर्वांत आवडतं ते याचं उत्तर. असल्या हालचाली दोन्ही दिशांना सारख्याच होतात. म्हणून पट्ट्यांच्या दिशेने किती आणि उलट किती, एवढंच मोजायचं. गुणोत्तर एकाच्या आसपास राहिलं तर पट्ट्या दिसत नाहीत. त्याच्या बरंच वर गेलं तर दिसतात.

आणखी एक गंमत आहे. उंदराच्या डोळ्यासमोरून काही कानाकडून नाकाकडे सरकलं, तरच त्या डोळ्यामुळे मान नीट वळते. त्यामुळे पट्ट्या वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्या की डाव्या डोळ्याची तपासणी होते, उलट फिरवल्या की उजव्याची. डोळा झाकावा लागत नाही. दृष्टिपटलातल्या पेशी मरत जाणाऱ्या आजारावर एकाच डोळ्यात उपचार करून दुसऱ्याशी तुलना करता येते, तीही त्याच उंदरात, आठवडेच्या आठवडे.

रत्नागिरीच्या फलाटावर पारवे मान डोलावत फिरत होते. कॅनडातच बॅरी फ्रॉस्ट यांनी १९७८ साली पारव्याला ट्रेडमिलवर चालवलं होतं. पाय चालत होते, भोवतालचं दृश्य मात्र जागचं हलत नव्हतं. तेव्हा मानेचं डोलणं जवळपास थांबलं; म्हणजे तेही सरकतं दृश्य नजरेत स्थिर धरण्यासाठीच. मी फोनवर स्लो मोशनमध्ये एका पारव्याचं चित्रण केलं. भाचीने पडद्यावर त्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि एकेक चौकट पुढे सरकवू लागली. पारव्याचं अंग पुढे चाललं होतं, डोकं फरशीच्या त्याच सांध्यावर थांबलेलं.

“मावशी, बोट हलवावंच लागत नाहीये,” ती म्हणाली. पुढच्याच चौकटीत मान झपकन पुढे गेली.