प्रसवकालीन गर्भमृत्यू

कळा सुरू होताना जिवंत असलेला गर्भ जन्मापूर्वी दगावणे, यास प्रसवकालीन गर्भमृत्यू म्हणतात. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी 28 आठवडे पूर्ण झालेले गर्भच गणले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या 2020 मधील अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 20 लाख मृतजन्म होतात. त्यांतील 40 टक्क्यांहून अधिक प्रसूतीदरम्यानचे असून बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत व दक्षिण आशियात घडतात.

मृत्यू नेमका केव्हा झाला, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. जेथे दाखल होताना गर्भाच्या हृदयाचे ठोके नोंदले जात नाहीत, तेथे कातडी अखंड असल्यास मृत्यू प्रसूतीदरम्यानचा व ती सुटलेली असल्यास त्याआधीचा मानतात. परंतु कातडी सुटण्यास साधारणतः 6 ते 12 तास लागत असल्याने कळांच्या थोडेच आधी दगावलेला गर्भ पहिल्या गटात जातो, तर कळांमध्ये दगावून दीर्घकाळ अडलेला दुसऱ्या. जन्मल्यावर न रडलेले, पण हृदय चालू असलेले मूलही कधी मृतजात नोंदले जाते; टांझानियात नवजातांना पिशवी व मास्कने श्वास देण्याच्या प्रशिक्षणानंतर अखंड कातडीच्या मृतजन्मांची नोंद घटली; ही घट अंशतः अशा चुकीच्या नोंदी कमी झाल्याने असावी. म्हणून दाखल होतानाच्या ठोक्यांवर आधारलेले वर्गीकरण अधिक ग्राह्य ठरते.

अडलेली प्रसूती, आडवे वा पायाळू मूल, नाळ खाली घसरणे, वार (गर्भाला रक्तातून प्राणवायू पुरवणारा अवयव) वेळेआधी सुटणे, मातेला झटके येणे आणि गर्भाशय फाटणे हे प्रमुख जोखीम घटक आहेत. प्रत्येक कळेत वारेचा रक्तपुरवठा मंदावतो व दोन कळांमधील विसाव्यात गर्भ सावरतो. हा विसावाच हिरावला गेला, तर प्राणवायूची तूट साचत जाते. उत्तर भारताच्या ग्रामीण भागात घरच्या बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन स्नायूत टोचल्याच्या नोंदी आहेत. कळा अतितीव्र होऊन विसावा उरला नाही, तर सलाईनमधून दिलेले औषध थांबवता येते, स्नायूत टोचलेले परत घेता येत नाही. म्हणून ही पद्धत विशेष घातक आहे.

तत्कालीन ऱ्होडेशियात (आजचा झिम्बाब्वे) फिलपॉट व कॅसल यांनी 1972 मध्ये मांडलेल्या प्रसूती-आलेखातील, म्हणजे गर्भाशयमुख तासागणिक किती उघडते ते दाखवणाऱ्या तक्त्यातील, प्रगती मंदावल्याचे दाखवणारी इशारारेषा बाहेरच्या केंद्रातील सुईणीला स्त्रीस वेळीच मोठ्या रुग्णालयात हलवता यावे, यासाठी होती. त्यापुढे चार तासांवर कृतिरेषा असे; ती ओलांडल्यास उपचाराचा निर्णय घ्यायचा असे. मात्र या रेषा कितीही काटेकोर आखल्या, तरी रात्री वाहन न मिळाल्यास किंवा सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ व रक्त नसल्यास गर्भ वाचत नाही. सक्रिय कळांमध्ये दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर करताना दर 5 मिनिटांनी ठोके ऐकणे अपेक्षित असते. एकाच परिचारिकेकडे अनेक बाळंतिणी असल्यास ते घडत नाही.