पोत्याचं कापड, सिअर्सचं कॉर्डरॉय आणि जीज बेंडच्या गोधड्या

२०२४ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या निमित्ताने, ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने थोड्या दिवसांपुरता एक खास माल विकायला काढला. स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, अंथरुणावर टाकायच्या रजया. सगळ्यांवर मोठाल्या, जरा वाकड्यातिकड्या चौकोनांची आणि पट्ट्यांची नक्षी होती. ती अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या बायकांच्या गोधड्यांवरून घेतलेली. त्याच गावच्या जुन्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहेत.

या गोधड्यांची गोष्ट बहुतेकदा एकाच चालीवर सांगितली जाते: नदीच्या बेचक्यात जगापासून तुटलेलं गाव, तिथल्या गरीब काळ्या बायका, त्यांची अस्पर्श राहिलेली कला आणि एक दिवस जगाला लागलेला तिचा शोध. ऐकायला गोड आहे. पण शिवणी जरा उसवून पाहिल्या की प्रत्येक थरात कुठलं ना कुठलं दुकान सापडतं, आणि ते अगदी पहिल्यापासून आहे.

आधी शब्दाचं बघू. क्विल्टला मी गोधडी म्हणतोय, पण दोन्ही तंतोतंत एक नव्हेत. आपल्या गोधडीत किंवा वाकळीत जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरून आरपार धावदोरा घालतात. जाडी येते ती कापडाच्या थरांनी. अमेरिकन क्विल्टमध्ये वरचा पदर तुकडे जोडून केलेला, खाली अस्तर आणि मधे कापूस. जीज बेंडच्या बायका हा कापूस जिनिंगच्या जमिनीवर पडलेला, विकायला न जाणारा, झाडून आणत. वरचा पदर जिचा तिने घरी एकटीने जोडायचा आणि मग चौघीजणींनी चौकटीभोवती बसून, गाणी म्हणत टाके घालायचे, अशी रीत.

आता पोत्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्राचा टाका भरवशाचा झाला आणि अमेरिकेत पीठ, साखर, मीठ, कोंबड्यांचं खाद्य लाकडी पिंपांऐवजी सुती पिशव्यांतून विकलं जाऊ लागलं. शेतकऱ्याच्या घरी माल संपला की पिशवी उरे आणि ती टाकून देण्याची ऐपत कोणाची नव्हती. पिशवीची शिवण साखळी टाक्याची असे. नेमकं टोक सापडून ओढलं की सरसर सगळा दोरा निघून हातात येई, तो गुंडाळून गोधडीचे टाके घालायला ठेवायचा. शंभर पौंडांची पिशवी उलगडली की वारभराहून थोडं जास्त कापड निघे. त्यावरचं गिरणीचं नाव मात्र सहजी जात नसे. रात्रभर रॉकेलमध्ये किंवा चरबीत भिजवायचं, सकाळी साबण घालून उकळायचं, तरी एखादं अक्षर मुलाच्या चड्डीवर राहायचंच.

कंपन्यांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. १९२० च्या दशकाच्या मध्याला सेंट लुईसच्या एका पीठगिरणीने ‘गिंगहॅम गर्ल’ या नावाचं पीठ चौकडीच्या कापडात भरून बाजारात आणलं. पुढे फुलाफुलांच्या, ठिपक्यांच्या पिशव्या आल्या, सहज धुऊन निघेल अशी शाई आली, निघतील अशी कागदी लेबलं आली. पिशव्या बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांतून काय काय शिवता येईल याच्या पुस्तिकाही काढल्या. एका बाईच्या झग्याला साधारण तीन पिशव्या लागत आणि तिन्ही एकाच नक्षीच्या हव्यात. खाद्य आणायला नवरा जाई, पण कोणती पोती उचलायची हे बायको सांगून पाठवी. दुकानदाराला ढिगाच्या तळातलं पोतं उपसावं लागे. म्हणजे गरिबीतली काटकसर कंपनीसाठी माल खपवण्याची युक्ती झाली होती. मंदीच्या आणि महायुद्धाच्या काळात हे सगळं जोरात चाललं, आणि युद्धानंतर कागदी पिशव्या स्वस्त पडू लागल्यावर हळूहळू संपलं.

जीज बेंडमध्ये मात्र फुलाफुलांची चैन फारशी नव्हती. अलाबामा नदी जिथे जवळजवळ स्वतःलाच वळसा घालते तिथे हे गाव आहे. १८१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाहून आलेल्या जोसेफ जी याने इथे कापसाचा मळा घातला, त्याचंच नाव गावाला पडलं. १८४५ मध्ये २९,००० डॉलरच्या कर्जापोटी मळा आणि त्यावरची गुलाम माणसं मार्क पेटवे याच्याकडे गेली. त्याने आणखी शंभरेक गुलाम नॉर्थ कॅरोलिनाहून पायी चालवत आणले. गावातल्या अनेक घरांचं आडनाव आजही पेटवे आहे: मालकाचं आडनाव, मालमत्तेला चिकटलेलं. गुलामी संपल्यावर तीच माणसं त्याच जमिनीवर वाट्याने कापूस करू लागली.

बी, खत, औजारं, मीठमिरची हे सगळं नदीपलीकडच्या कॅमडेनमधल्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर यायचं. कापसाचा भाव पडला, उधारी फुगली. तो व्यापारी वारला आणि १९३२ मध्ये त्याच्या विधवेने वसुली काढली. सुमारे साठ कुटुंबांच्या दारातून गाड्या, जनावरं, नांगर, साठवलेला मका, रताळी सगळं उचलून नेलं. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या शिध्यावर काढला.

नेमक्या त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकन लोककलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. शीर्षकात ‘सामान्य माणसाची कला’ असे शब्द होते. त्यातला बहुतेक संग्रह रॉकफेलर घराण्यातल्या ॲबी रॉकफेलर यांचा: जुनी चित्रं, लाकडी कोरीवकाम, छपरांवरचे वातकुक्कुट. शीर्षकानुसार काळाची मर्यादा १७५० ते १९००. सामान्य माणूस प्रदर्शनात यायला निदान तीस वर्षं जुना असावा लागत होता.

जीज बेंड जगाला दिसलं ते पाच वर्षांनी. मंदीतून देश सावरायला ‘न्यू डील’ योजना राबवणाऱ्या सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी आर्थर रॉथस्टाइन १९३७ मध्ये तिथे फोटो काढायला गेला. त्याने तिथे काढलेल्या सर्वांत गाजलेल्या फोटोत ओंडक्यांच्या घराची, काच नसलेली खिडकी आहे आणि तिच्यात दहा-एक वर्षांची मुलगी बाजूला बघत उभी आहे. थंडी अडवायला झडपेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलंय, आणि त्या पानावर नेमकी जाहिरात आहे: एक नीटनेटकी गोरी बाई हसून बेकरीचे पदार्थ पुढे करते आहे. गावातल्या बहुतेक घरांच्या भिंती अशाच मासिकांच्या, वर्तमानपत्रांच्या पानांनी मढवलेल्या असत. जगापासून तुटलेलं गाव म्हणतात ते हे.

त्या सरकारी योजनेचं एक फळ फारसं कोणी सांगत नाही. सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली, नवी घरं बांधली आणि पुढे कमी व्याजाच्या कर्जावर ती घरं-शेतं तिथल्याच लोकांना विकली. दक्षिणेतली लाखो काळी कुटुंबं त्या दशकांत शिकागो, डेट्रॉइटकडे निघून गेली. जीज बेंडमधूनही माणसं गेली, पण ज्यांच्या नावावर जमीन होती अशी बरीच राहिली. आईची गोधडी बघत लेक आणि लेकीची बघत नात शिवत गेली ती अशा राहिलेल्या घरांत. माझ्या मते या कलेचा इतिहास सांगताना सुईआधी सातबारा मांडायला हवा.

एक गोधडी जवळून बघण्यासारखी आहे. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे यांचा नवरा गेला. त्यांनी त्याचे शेतातले कामाचे कपडे फाडून, निळ्या-करड्या-तपकिरी पट्ट्यांची गोधडी जोडली. मधे पोत्याचं कापडही आहे. कपडे धुऊन धुऊन इतके विटलेले की एकाच तुकड्यात रंगाच्या तीन छटा दिसतात. त्यांची मुलगी अर्लोन्झिया हिने पुढे आईचं म्हणणं सांगितलं: त्याच्या आठवणीसाठी हे शिवते, आणि मायेखातर याच्याखाली झोपेन.

या नमुन्यांना गावात आपापली नावं होती. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत बाहेर जायचं तो ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचं छप्पर. आणि कुठल्याच नमुन्यात न बसणारी, आपल्या मनाने जोडलेली ती ‘माय वे’. या मोकळेपणाची मुळं आफ्रिकेतल्या कापडांत आहेत असं काही अभ्यासक मानतात. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या ‘कवंदी’शीही तुलना होते, या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि तिथून रानात पळालेले. कवंदी कडेकडून आत शिवत नेतात आणि पाहताना जीज बेंडची आठवण होते हे खरं. पण सारखेपणा म्हणजे नातं नव्हे. फाटक्या पँटचे पाय उभे कापले की पट्टेच निघतात, मग ती पँट कुठल्याही खंडातली असो.

साठच्या दशकात नागरी हक्कांची चळवळ इथे पोचली. मतदारयादीत नाव घालायला लोक फेरीबोटीने नदीपार कॅमडेनला जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये ती बोटच बंद करण्यात आली. पलीकडचा काठ समोर दिसत असताना रस्त्याने सुमारे चाळीस मैलांचा वळसा पडू लागला. बोट पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे येऊन बोलले. मतदारयादीत नाव घातलं म्हणून कित्येकांची कामं गेली, कित्येकांना खंडाच्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मगुरू या भागात अशा तक्रारी नोंदवत फिरताना त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी दहा डॉलरला एक अशा काही विकत घेतल्या, मार्च १९६६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव केला, आणि त्याच महिन्यात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली.

पुढचं गमतीचं आहे, पण कडू गमतीचं. ब्लूमिंगडेल्ससारख्या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांना माल हवा होता, पण एकसारखा: ठरलेलं माप, ठरलेला नमुना, टाके बारीक आणि सरळ. ‘माय वे’ला गिऱ्हाईक नव्हतं. १९७२ मध्ये सिअर्स या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड सुती कापडाच्या, उशांच्या खोळींचं मोठं कंत्राट मिळालं. काम यंत्रावरचं, नक्षीला वाव शून्य, पण दर आठवड्याला रोख पगार. अनेकींच्या हातात असा पैसा पहिल्यांदाच येत होता.

आणि खोळी बेतून झाल्यावर उरत त्या कॉर्डरॉयच्या चिंध्या. सोनेरी पिवळा, ॲव्होकॅडोचा हिरवट, नारिंगी, चॉकलेटी, लालभडक. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सोफ्यांचे हे ठरलेले रंग. चिंध्या घरोघर वाटल्या जात. कॉर्डरॉय जाड आणि आडमुठं कापड, त्याचे लहान तुकडे धड जुळत नाहीत, बारीक टाका त्यातून निघत नाही. म्हणून या काळातल्या गोधड्या मोठ्या तुकड्यांच्या, कमी टाक्यांच्या, ठसठशीत रंगांच्या झाल्या. कलासमीक्षकांनी पुढे त्यांतल्या अमूर्ततेचं भरभरून कौतुक केलं. ती घडवण्यात सिअर्सच्या खरेदी विभागाचाही हात होता, हे मात्र क्वचितच कोणी लिहिलं.

तिकडे शहरातली हवाही बदलत होती. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुनी क्विल्ट पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारखी टांगली. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी ती गोळा केली होती. लोकांना त्यांच्यात अमूर्त चित्रकला दिसली, पण बनवणारीचं नाव बहुतेक गोधड्यांना नव्हतं. नावं आली एकतीस वर्षांनी. अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी जीज बेंडमध्ये घरोघर फिरून गोधड्या विकत घेतल्या. २००२ मध्ये त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत भरलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या मायकेल किमेलमन यांनी अमेरिकेत घडलेल्या सर्वांत अद्भुत आधुनिक कलाकृतींत त्यांची गणना केली, मातिस आणि क्ले या युरोपीय चित्रकारांची नावं घेतली. कौतुक मनापासूनचं होतं. तरी युरोपचा दाखला जोडल्याशिवाय अलाबामाची गोधडी भिंतीवर चढेना, हेही दिसलंच.

मग गोधड्या परत दुकानात निघाल्या. गालिचे, चादरी निघाल्या. २००६ मध्ये पोस्टाने ३९ सेंटची दहा तिकिटं काढली. २००७ मध्ये गावातल्या तिघींनी आर्नेट आणि संबंधितांवर खटले भरले: आमच्या नक्षीवर पैसा झाला, आमचा वाटा मिळाला नाही. त्यांनी आरोप नाकारले आणि पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली. अटी जाहीर झाल्या नाहीत. आर्नेट यांनी स्थापलेल्या ‘सोल्स ग्रोन डीप’ फाउंडेशनने नंतर बायकांचे कॉपीराइट जपले जावेत अशी व्यवस्था लावली.

टार्गेटच्या मालात पाच जणींची नावं होती ती या सगळ्यानंतर. मोबदला मात्र ठरावीक रकमेचा होता, विक्रीतला वाटा नव्हता, असं असोसिएटेड प्रेसने नंतर लिहिलं. दुसरीकडे २०२१ पासून गावातल्या बऱ्याच जणींनी एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात स्वतःची दुकानं उघडली आहेत, भाव त्या ठरवतात. २०२२ पासून ऑक्टोबरमध्ये गावात एक उत्सव भरतो. त्या दिवशी घराघरांपुढे, अंगणात, कुंपणांवर गोधड्या पूर्वीसारख्याच दोरीला वाळत घालतात, आणि लांबून आलेली माणसं शिवणारीशी थेट बोलून भाव विचारतात.