फॉर्म बी परत का येतो? प्राण्यांवरील प्रयोगाच्या मंजुरीविषयी

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाली की एम.फार्म.ची पोरं फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करायच्या मंजुरीचा अर्ज, घेऊन दारात उभी राहतात. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, विषय बहुधा ठरलेला: सातपुड्यातली एखादी वनस्पती, तिचा अर्क आणि मधुमेही केलेले विस्टार रॅट (प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर). अर्ज परत येतो, पोरगं रडवेलं होतं आणि गाईड म्हणतो, "समितीला काही कळत नाही." हे अर्ज तपासणाऱ्या संस्थेच्या त्या समितीत मी बसतो, म्हणून हे लिहितोय.

आधी पात्रता. मंजुरी विद्यार्थ्याच्या नावावर मिळत नाही. अर्ज गाईडचा असतो, आणि जिथे प्रयोग होणार ती संस्था प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीकडे नोंदलेली लागते. (जुनी मंडळी अजून सीपीसीएसईएच म्हणतात.) 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे 1998 चे नियम यांचा हा आधार. स्वतःच्या कॉलेजला अ‍ॅनिमल हाऊस नाही, शेजारच्या कॉलेजात काम करणार, तर मंजुरीही शेजारच्यांच्याच समितीची. रॅट, माईस, ससे, गिनीपिग यांना संस्थेची समिती पुरते. कुत्रा किंवा माकड असेल तर केंद्रीय समितीपर्यंत जावं लागतं.

कागदपत्रांत अडतं ते वनस्पतीच्या ओळखीचं प्रमाणपत्र. पोरं वाळवून कुटलेली पूड पिशवीत घालून वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे नेतात. पुडीवरून ते कसं लिहून देणार? फूल-फळासकट फांदी दाबून न्या, आणि तीही झाडाला फुलोरा असताना. हंगाम चुकला तर वर्ष गेलं समजा. बाकी गाईडची सही आणि नोंदणीकृत ब्रीडरचं (प्राणी पुरवणाऱ्याचं) कोटेशन वगैरे नेहमीचंच.

तारखेचा घोळ दरवर्षी होतो. नोटीसवर असते ती बैठकीची तारीख, अर्ज द्यायची नव्हे. सदस्यांना वाचायला वेळ लागतो. शिवाय सीसीएसईएने नेमलेला सदस्य, म्हणजे नॉमिनी, हजर नसेल तर बैठक होतच नाही, मग बाकीचे सगळे चहा पिऊन घरी जातात. "तोवर प्रयोग उरकून घेतो, मंजुरी मागून येईल" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मागच्या तारखेची मंजुरी आम्ही देत नाही. आणि एखाद्या जर्नलने पत्र मागितलं, त्यावरची तारीख प्रयोगानंतरची निघाली, की पेपर तिथेच संपतो.

आता खरा खड्डा. फॉर्ममध्ये विचारलेलं असतं: प्राणीच का, आणि एवढेच का? या दोन रकान्यांत सगळे जण सिनियरचा मजकूर उतरवतात. एकाने कारल्याच्या अर्जात जांभळाचं नाव तसंच ठेवलं होतं.

"प्राणीच का" याचं उत्तर "कारण प्राण्यांवर करायची पद्धत आहे" हे नव्हे. 1959 साली रसेल आणि बर्च यांनी पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा, अशी तीन सूत्रं मांडली. आपल्याकडे प्रयोगानंतर प्राण्यांचं पुनर्वसन हे चौथं धरतात. अर्क अल्फा-अमायलेजच्या (पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या) चाचणीत आधी काचेच्या नळीत तपासला का? तिथे काहीच दिसलं नसेल तर कुठल्या आधारावर प्राणी मागता, ते लिहा. प्राण्यावर जमलं म्हणजे माणसावर जमेलच असंही समजू नका. पेनिसिलिनने 1940 मध्ये उंदीर वाचवले, पण तेच औषध गिनीपिगला घातक ठरतं. टीजीएन1412 हे औषध माकडांनी कितीतरी मोठ्या मात्रेत पचवलं होतं. 2006 मध्ये लंडनला ते घेतलेले सहाही स्वयंसेवक अतिदक्षता विभागात गेले. तुमचं मॉडेल माणसाच्या आजाराशी कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, हे दोन ओळींत लिहिलंत तरी समितीचा सूर बदलतो.

"एवढेच का?" गटात सहा. सहा का? "सर, सगळे सहाच घेतात." एक सोपा हिशेब आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर 10 ते 20 च्या दरम्यान यावं. पाच गट, प्रत्येकी सहा, म्हणजे 30. 30 वजा 5 बरोबर 25, जास्तच झाले. प्रत्येकी पाच घेतले तर 20 येतात, बसतं. मधुमेह करताना काही दगावतील, तर ते वेगळे दाखवा. फार कमी घेऊन निकालच लागला नाही तर तेही प्राणी फुकटच मेले, म्हणून उगाच काटकसरही नको.

मात्राही तपासा. माणसाची 500 मिलिग्रॅम मात्रा 60 किलोने भागून रॅटला लावू नका. 200 ग्रॅमच्या रॅटसाठी ती 0.018 ने गुणतात: 9 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 45. भागाकाराने आलं असतं आठ-साडेआठ, आणि तुम्ही म्हणाला असता, अर्क चालत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. अ‍ॅनिमल हाऊसचं तापमान 18 ते 29 अंशांत ठेवायचं असतं, आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. एकदा दुपारी लाईट गेली तेव्हा आमचा अटेंडंट धावत आला, "सर, यास्ले भलतं गरम व्हई ऱ्हायनं!" जाऊन पाहिलं तर रॅट पिंजऱ्यात पालथे पसरलेले, पाण्याच्या बाटल्या कोमट. त्या आठवड्याचे साखरेचे आकडे अर्काचे की उकाड्याचे, हे कोण सांगणार? आम्ही ते वहीतून काढून टाकले. कूलरने हवा दमट होते, तो उपाय नव्हे. जनरेटरवर एसी चालत नसेल तर अर्जातच प्रयोगाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी लिहा, आणि ब्रीडरला ऑर्डर देताना क्वारंटाईनचे दिवस आधीच धरा.