पुसलेला नंबर परत का येतो?

नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मावसभावाचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइके, पुरवठादार, वाहतूकदार आणि बँकेतली माणसे मिळून साडेसहाशेच्या आसपास संपर्क त्याच्या कार्यालयातील संगणकावर होते, आणि तीच यादी खिशातल्या फोनमध्येही असावी म्हणून त्याने केबलने जोडून चालणारे सिंकचे, म्हणजे दोन याद्या जुळवून ठेवण्याचे, एक सॉफ्टवेअर घेतले होते. धंदा बंद केलेल्या एका वाहतूकदाराचा नंबर त्याने फोनमधून तीनदा पुसला आणि तिन्ही वेळा केबल जोडताच तो जागच्या जागी हजर झाला. पुढे त्याने नवा फोन घेतला, फोनवर आणि संगणकावर आपले गूगल खाते सुरू केले, वर जुनी केबलही जोडली, आणि रात्रीतून साडेसहाशे नावांची तेराशे झाली. "यादी इकडून तिकडे कॉपीच तर करायची आहे, त्यात एवढं अवघड काय आहे?" असे त्याने मला विचारले.

नुसती कॉपी करायची असती तर खरोखरच अवघड काही नव्हते. अडचण अशी की दोन्ही याद्या चालू असतात. दिवसभर संगणकावर कोणीतरी पत्ते दुरुस्त करीत असते, त्याच वेळी मालक पिंपळगाव बसवंतला किंवा लासलगावला गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून फोनमध्ये नवे नंबर टाकत असतो, आणि संध्याकाळी या दोघांचा मेळ घालायचा असतो. हा मेळ घालताना पहिलाच पेच असा पडतो: संगणकात एक नाव आहे आणि फोनमध्ये ते नाही. आता हे नाव संगणकावर नव्याने आले आहे आणि फोनमध्ये जायचे राहिले आहे, की ते दोन्हीकडे होते आणि फोनमधून मुद्दाम पुसले गेले आहे? पहिले खरे असेल तर ते फोनमध्ये भरायला हवे, दुसरे खरे असेल तर संगणकातूनही काढायला हवे. समोर फक्त दोन याद्या असताना या प्रश्नाचे उत्तर जगातला कोणताही हुशार कारकून देऊ शकणार नाही आणि कोणताही संगणकही देऊ शकणार नाही, कारण दोन्ही शक्यतांमध्ये दिसणारे चित्र अगदी एकच असते.

उत्तर मिळते ते तिसऱ्या यादीतून. मागच्या वेळी दोन्हींचा मेळ बसला तेव्हा यादी कशी होती, याची एक प्रत जपून ठेवली की कोडे लगेच सुटते. त्या जुन्या प्रतीत नाव असेल तर फोनने ते पुसले आहे; नसेल तर संगणकाने ते नव्याने आणले आहे. दुरुस्त्यांचेही तसेच. जुन्या प्रतीशी ताडून पाहिल्यावर एकाच बाजूने बदल झालेला दिसला तर तो बदल निमूटपणे दुसरीकडे न्यायचा, आणि दोन्ही बाजूंनी झालेला दिसला तर तिथे खरा तंटा आहे असे समजायचे. सिंक नावाच्या विद्येचा गाभा एवढाच आहे. माझ्या भावाच्या सॉफ्टवेअरने काय पाप केले असावे हेही आता कळते: जे नाव एकीकडे नाही ते 'अजून पोहोचलेले नाही' असे सरसकट धरून ते पुन्हा भरणे. माहिती हरवण्यापेक्षा नको असलेली माहिती उरलेली बरी, असा हिशेब त्यामागे असतो, आणि तो अगदीच मूर्खपणाचा आहे असे मला वाटत नाही.

पूर्ण जुनी प्रत जपण्याऐवजी प्रत्येक नोंदीवर बदलाची खूण करणे हा स्वस्तातला मार्ग आहे, आणि तोच 1996 मध्ये आलेल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाने लोकप्रिय केला. पायलट संगणकाला जोडलेल्या त्याच्या बैठकीवर ठेवायचा, एक बटण दाबायचे, की टेबलावरच्या संगणकाशी त्याची यादी जुळून येई. आत असे चाले की नोंद बदलली की तिच्यावर 'बदलली' अशी खूण होई. पुसली तर ती लगेच नष्ट न होता 'पुसलेली' अशी खूण घेऊन पुढच्या भेटीपर्यंत पडून राही. भेट झाली की खुणा असलेल्या नोंदींचीच देवघेव होई आणि खुणा साफ केल्या जात. जोडीला एकच संगणक असेपर्यंत हे झकास चाले. तोच पायलट घरच्या संगणकाला जोडला की पंचाईत होई, कारण कार्यालयातील संगणकाने खुणा आधीच साफ केलेल्या असत आणि घरच्याला काय बदलले ते कळायला मार्ग नसे. म्हणून मागच्या खेपेचा संगणक हाच आहे का, हे आधी तपासले जाई आणि नसल्यास सगळ्या नोंदी एकेक करून ताडल्या जात. याला संथ सिंक म्हणत, आणि तो खरोखरच संथ असे.

पुसलेल्या नोंदीची ही जी खूण मागे उरते तिला संगणकाच्या परिभाषेत समाधिशिला म्हणतात. मला मात्र नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आठवतात. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे ज्यांत उतरत गेली त्या त्या वह्या म्हणजेही व्यवसायातील संपर्कयादीच. पण माणूस गेला म्हणून तिथे नाव खरवडून काढत नाहीत, पुढच्या पिढीची भर खाली पडत जाते. फोनला एवढा मोठा कागद परवडत नाही, त्यामुळे समाधिशिला कधीतरी काढाव्या लागतात, आणि त्या काढल्यानंतर सहा महिने कपाटात पडलेला जुना फोन कोणी चालू केला की त्यातली मेलेली नावे पुन्हा उठून बसण्याची भीती असते. यावर उपाय म्हणजे फार दिवसांनी आलेल्याच्या आठवणीवर विश्वास न ठेवणे. आजच्या पद्धतीत सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचा सामाईक संगणक, प्रत्येक उपकरणाला 'तू इथपर्यंतचे बदल पाहिलेस' अशी एक टोकनवजा खूण देतो. पुढच्या वेळी ती दाखवली की त्यानंतरचेच बदल मिळतात. गूगलच्या संपर्कसेवेत ही खूण 7 दिवसांनी बाद होते आणि मग उपकरणाला सगळी यादी पहिल्यापासून घ्यावी लागते.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या फोनची तऱ्हा निराळी होती. ती एक करण्यासाठी 2000 साली एरिक्सन, नोकिया, मोटोरोला, आयबीएम, लोटस, पाम, सायन आदी कंपन्यांनी सिंकएमएल ही सामाईक भाषा पुढे आणली. तिच्यात दोन्ही बाजू प्रत्येक भेटीला एक नांगर टाकतात, म्हणजे त्या भेटीची खूण दोघेही लिहून ठेवतात. पुढच्या भेटीत दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर मधे काहीतरी बिनसले आहे असे समजून संथ सिंक सुरू होतो. ऑगस्ट 2011 मध्ये संपर्कांच्या देवघेवीचे कार्डडॅव्ह हे मानक आले आणि केबलची जागा इंटरनेटवरच्या सर्व्हरने घेतली. फोन आणि संगणक एकमेकांशी बोलायचे थांबले. दोघेही सर्व्हरशी बोलू लागले.

आता तेराशे नावांकडे वळू. मेळ घालायचा तर आधी ही नोंद आणि ती नोंद एकाच माणसाची आहे हे ओळखता आले पाहिजे. संपर्क साठवण्याचे व्हीकार्ड नावाचे मानक 1990च्या दशकाच्या मध्यात ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या गटाने बनवले. त्यात नाव, फोन, पत्ता यांच्याबरोबर प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक अद्वितीय क्रमांक देण्याची सोय आहे. नाव बदलले, नंबर बदलला, तरी तो क्रमांक बदलत नाही. माझ्या भावाच्या फोनमध्ये एकच माणूस दोन वाटांनी आला, केबलने आणि खात्यातून, आणि प्रत्येक वाटेने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला; यंत्राच्या लेखी ती दोन माणसे झाली. म्हणून एका यादीसाठी सिंकच्या दोन व्यवस्था एकाच वेळी कधीही चालू ठेवू नयेत, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

क्रमांक वेगळे असले तरी नंबर सारखा आहे हे यंत्राला दिसू नये का? दिसावे, पण नंबर सारखे लिहिलेले नसतात. एकच मोबाइल नंबर कोणी दहा अंकी लिहितो, कोणी आधी शून्य लावतो (लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना तो 15 जानेवारी 2021 पासून लावावाच लागतो), कोणी अधिक 91 लावतो, कोणी मधे मोकळी जागा सोडतो. नाशिकचे लँडलाइन नंबर तर कित्येकांनी गावातल्या गावात म्हणून 0253 न लावताच साठवलेले असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशाच्या क्रमांकासह जास्तीत जास्त 15 अंकांचा पूर्ण नंबर लिहायचा असतो. सगळे नंबर आधी त्या साच्यात बसवून मग ताडले तर बहुतेक जुळी सापडतात.

नावांचे काम याहून चिवट. रोमन लिपीत 'क्षीरसागर' हे आडनाव पाच जण पाच तऱ्हांनी लिहितील, आणि आपल्याकडे निम्मी नावे तर 'नाना पिंपळगाव' किंवा 'पत्रेवाले भाऊ सातपूर' अशी असतात. देवनागरीत लिहिले की प्रश्न मिटला असेही नाही. 'बोऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो: एकात खाली टिंब असलेले स्वतंत्र अक्षर वापरून त्याचा पाय मोडलेला असतो, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकलेले असते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण आतले आकडे वेगळे, त्यामुळे शोधायला गेले की एक बोऱ्हाडे सापडतो आणि दुसरा सापडत नाही. हा घोळ मराठी, नेपाळी अशा मोजक्याच भाषांत होत असल्याने बाहेरून आलेली सॉफ्टवेअर त्याची फारशी दखल घेत नाहीत.

देवनागरीची खरी दुर्दशा होते ती यादी एक्सेलमधून नेताना. अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह 3 बाइटचे, म्हणजे 3 आकड्यांचे असते; 'नाशिक' या शब्दात मात्रांसह 5 चिन्हे, म्हणजे 15 बाइट, आणि त्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात 224 व 164 याच दोन आकड्यांनी होते. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने चुकून जुनी युरोपीय पद्धत धरली की तेच ते आघातचिन्हवाले रोमन अक्षर दर तिसऱ्या जागी दिसू लागते. असा मजकूर दिसला तर फाइल तशीच बंद करावी. मूळ माहिती शाबूत असते, पण त्या अवस्थेत साठवून ठेवली तर कचराच मूळ होऊन बसतो. नंबरांचे नुकसान तर गुपचूप होते. एक्सेल फोन नंबराला संख्या समजतो, म्हणून 0253 चे 253 होते, आणि 91 धरून बारा अंकी झालेला नंबर दशांशचिन्ह आणि दहाच्या घाताच्या रूपात आखडून दाखवतो. ती फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठवली की दिसत होते तेवढेच उतरते आणि शेवटचे अंक कायमचे जातात. फोनचा रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवला तर हे टळते. आणि जमत असेल तिथे एक्सेलच्या वाटेला न जाता व्हीकार्ड फाइलनेच यादी हलवावी.

राहिला खरा तंटा. एकाच गिऱ्हाइकाचा नंबर फोनमध्येही बदलला आणि संगणकातही, पण वेगळा, तर कोणाचा धरायचा? 'शेवटी बदलणाऱ्याचे खरे' हा सोपा नियम बरीच सॉफ्टवेअर पाळतात, मात्र शेवटचा कोण हे घड्याळावरून ठरते, आणि जुन्या संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आज केलेली दुरुस्ती जुनी ठरून हरते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांतील घटनांचा क्रम लावायला भिंतीवरच्या घड्याळाची गरज नसते; प्रत्येकाने आपली चढती मोजणी ठेवली आणि निरोपाबरोबर ती पाठवली तरी कारण आधी आणि परिणाम नंतर हा क्रम पाळता येतो. कार्डडॅव्हमध्ये याच्या जवळपासची साधी युक्ती आहे: सर्व्हर नोंदीच्या प्रत्येक आवृत्तीला शिक्का देतो, आणि बदल पाठवणाऱ्याला 'मी अमुक शिक्क्याची आवृत्ती पाहून हा बदल केला' असे सांगता येते. दरम्यान कोणी ती नोंद बदलली असेल तर 412 या क्रमांकाचा नकार येतो आणि आधी नवी आवृत्ती वाचावी लागते. नकळत कोणाचे काम पुसले जात नाही. तरी दोन नंबरांतला खरा कोणता हे ना लॅम्पोर्ट सांगू शकत, ना सर्व्हर.

माझ्या भावाची यादी आम्ही एका रविवारी साफ केली. आधी दोन्हीकडची व्हीकार्ड प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवली, केबलचे सॉफ्टवेअर काढून टाकले, गूगल खाते ही एकच वाट चालू ठेवली आणि जुळी नावे एकत्र करण्याची त्यातली सोय चालवली. नंबरावरून बहुतेक जुळी मिटली, नावांवरून आणखी काही. चौदा नावे मात्र अशी उरली की ज्यांच्यापुढे दोन निरनिराळे नंबर होते आणि दोन्ही आपणच भरल्याचे त्याला आठवत होते. ती त्याने कागदावर लिहून घेतली आणि सोमवारी सकाळी एकेकाला फोन लावून विचारायला बसला.