‘खुले’ निवारागृह : एका शब्दामागची पार्श्वभूमी

रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या निवाऱ्याचा विषय पुण्यात निघाला की निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी), बालगृह (काळजीची गरज असलेल्या मुलांसाठी), खुले निवारागृह आणि रात्रनिवारा ही चार नावे एकमेकांत मिसळतात, आणि बोलताना तर या सगळ्यांना मिळून ‘रिमांड होम’ असेच म्हटले जाते. हा घोळ केवळ शब्दांचा असता तर सोडून देता आला असता. परंतु रेल्वे स्थानकावर एकट्याने राहणारे मूल मदत करू पाहणाऱ्या माणसाजवळ येते की त्याला पाहून पळते, हे बऱ्याच अंशी या एका शब्दाच्या धास्तीवर ठरत आले आहे.

पुण्यातील १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात केडगावी निराधार स्त्रिया व मुलींना मिळालेला आसरा वाचकांना परिचित आहे. त्याच शतकात येरवड्याला गुन्हेगार ठरलेल्या मुलांसाठी सुधारशाळाही होती, आणि पुढची सरकारी व्यवस्था आसऱ्यापेक्षा या सुधारशाळेच्या वळणावर अधिक गेली. मुंबई प्रांताच्या १९२४ च्या आणि त्यानंतर १९४८ च्या बालक अधिनियमाने गुन्हा केलेले मूल आणि केवळ बेवारस सापडलेले मूल या दोघांचा विचार एकाच कायद्यात केला; चौकशी होईपर्यंत त्यांना ठेवण्याची जागा म्हणजे रिमांड होम. ‘धरून नेणे’ हा वाक्प्रयोग तेव्हापासून या मुलांच्या आयुष्याला चिकटला. भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या १९५९ च्या कायद्याने तो अधिकच घट्ट केला.

देशभर लागू झालेल्या १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने ‘उपेक्षित’ मुलांचा वर्ग ‘अपचारी’ (गुन्हा केलेल्या) मुलांपासून वेगळा काढला, १९९२ मध्ये भारताने बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, आणि २००० च्या अधिनियमाने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा आणून अशा मुलांचा निर्णय जिल्हा पातळीवरच्या बाल कल्याण समितीकडे सोपवला. निवारागृहाला कायद्यात जागा मिळाली तीही याच अधिनियमात.

कायद्याबाहेर मात्र एक निराळी रीत त्याआधीच रुजली होती. फलाटांवर आणि बसस्थानकांवर काम करणारे कार्यकर्ते मुलाला पहिल्या दिवशी नाव-गाव विचारत नसत. अंघोळीला पाणी, एक वेळचे जेवण, जखमेवर मलमपट्टी, सामान ठेवायला कुलपाचा कप्पा आणि रात्री निर्धास्त झोपता येईल अशी जागा, एवढेच ते देऊ करत. मूल सकाळी निघून जाई, संध्याकाळी परत येई, आणि काही आठवड्यांनी कधीतरी आपणहून घरची गोष्ट सांगे. ‘खुले’ या विशेषणाचा मूळ अर्थ हा आहे : दार आत येण्यासाठी जितके उघडे, तितकेच बाहेर जाण्यासाठीही. २००९ च्या सुमारास आलेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने शहरी भागांसाठी ‘खुली निवारागृहे’ मंजूर केली, तेव्हा या रीतीला सरकारी मान्यता मिळाल्याचे समाधान अनेकांना वाटले, आणि ते योग्यच होते.

या खुलेपणाविषयी वाद सुरू झाला तो २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने, जो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याचे कलम ४३ खुल्या निवारागृहाला वस्तीशी जोडलेली, अल्पकाळासाठीची निवासी सोय म्हणते. कलम ३१ मात्र काळजीची गरज असलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करायला सांगते, आणि रस्त्यावर राहणारे मूल कलम २ मधील व्याख्येतच बसते. नोंदणीशिवाय मुलांना ठेवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या कडकपणामागे कारण होते : बेकायदा वसतिगृहांतील अत्याचार आणि मुलांची तस्करी यांची प्रकरणे खरी होती, आणि कोण कुठे राहते याची नोंदच नसणे हे तस्करांच्या सोयीचे होते. तरीही जे मूल आठ दिवसांनी आपले नाव सांगणार आहे, त्याला दुसऱ्या दिवशीच समितीपुढे उभे केले, तर त्याच्या लेखी ते पुन्हा धरून नेणेच ठरते. नोंद आवश्यक आहे. पण ती समितीच्या सदस्याने निवाऱ्यात येऊनही करता येईल, आणि तशी व्यवस्था नियमाने बांधून द्यायला हवी होती.

‘बेघर’ या शब्दानेही असाच पेच केला आहे. सिग्नलवर फुगे विकणारी किंवा उड्डाणपुलाखाली झोपणारी कितीतरी मुले एकटी नसतात, आईवडिलांसह बेघर असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा उभारण्यास शहरांना सांगितले, ते मुख्यतः प्रौढ बेघरांना डोळ्यांसमोर ठेवून. बालगृह आईला घेत नाही, पुरुषांचा रात्रनिवारा कुटुंबाला घेत नाही, आणि मुलाला एकटे संस्थेत ठेवणे हा कुटुंब मोडण्याचा मार्ग ठरतो. राज्याची बालसंगोपन योजना मुलाला घरीच ठेवून आर्थिक मदत देते, पण तिच्या अर्जाला रहिवासाचा पुरावा लागतो, आणि तोच पुलाखालच्या कुटुंबापाशी नसतो.

२०२१-२२ पासून एकात्मिक बाल संरक्षण योजना केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये सामावली गेली. संकटातील मुलांसाठी मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन २०२३ पासून स्वयंसेवी संस्थांकडून काढून सरकारी यंत्रणेकडे देण्यात आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक तोच राहिला आहे. मात्र ११२ हा मुळात पोलिसांच्या मदतीचा क्रमांक म्हणून ओळखला जातो, त्यामुळे फोन केल्यावर कोण येणार याविषयीची मुलांची जुनी शंका नव्याने जागी झाली आहे.