टाकीवरचा एअरब्रश: हत्यार जुनं, रंग नवा

सातारा-सांगली पट्ट्यात बुलेटच्या टाकीवर राजमुद्रा, वाघ नाहीतर ज्वाळा काढून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, एअरब्रश कुठल्या कंपनीचा? खरं तर विचारायचं ते क्लिअरचं, म्हणजे चित्रावर शेवटी चढवतात त्या पारदर्शक थराचं. एअरब्रश, म्हणजे हवेने बारीक रंग फवारणारं हत्यार, जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. टाकीवरचं चित्र टिकायला लागलं ते हार्डनरवाले, म्हणजे कडक करणारं दुसरं द्रव्य मिसळून मारायचे, रंग आल्यावर.

1876 साली अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅनलीने हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढणाऱ्या स्टॅनली बंधूंपैकी हा एक. 1879 च्या सुमारास आयोवातल्या ॲबनर पीलरने शिलाई मशीनचे भाग, वाकवलेला स्क्रूड्रायव्हर आणि चमचा जुळवून आपलं यंत्र केलं. 1890 च्या दशकात चार्ल्स बर्डिकने पेनासारखा धरायचा, हवा आणि रंग टोकाच्या आतच मिसळणारा एअरब्रश काढला. आजचा ढोबळमानाने तोच. पण काम असायचं फोटोंचं: रिटचिंग, रंगभरणी.

गाड्यांवर तो रुळला 1950 च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात. केनेथ हॉवर्ड, म्हणजे ‘व्हॉन डच’, ब्रशने बारीक रेघा मारायचा. एड रॉथ टी-शर्टांवर एअरब्रशने राक्षस काढायचा. तिकडे मिनेसोटात 1956 मध्ये जॉन कोस्मोस्कीने हाउस ऑफ कलर ही गाड्यांच्या खास रंगांची कंपनी सुरू केली. चंदेरी बेसवर (खालच्या रंगावर) पारदर्शक रंग चढवायचं कँडीचं तंत्रही याच काळातलं. अडचण रंगाची होती. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर नुसतं थिनर उडून वाळतं, त्यामुळे वरच्या हाताचं (थराचं) थिनर लागलं की खालचा हात पुन्हा सैल होतो. चित्रावर ओला क्लिअर मारला की कडा फुटतात. पेट्रोल सांडत राहिलं की चमक जाते, डाग राहतो. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायरने जर्मनीत 1937 मध्येच शोधलं होतं, पण रंग आणि हार्डनर अशा दोन डब्यांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग पेंटिंगच्या गॅरेजात पोचायला 1970 चं दशक उजाडलं. हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन रंगातल्या रेझिनशी (चिकट मूळ द्रव्याशी) जोडलं जाऊन जाळी बनते. ती मग थिनरने विरघळत नाही.

आपल्याकडे 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने साताऱ्यात प्रिया स्कूटर काढली, तेव्हा गाडीवरची कला म्हणजे पेंटरचा लाइनर ब्रश आणि इनॅमल. तोच पेंटर नंबर प्लेट, ट्रकची पाठ, उसाची ट्रॉली रंगवायचा. मग प्लॉटरवर कापलेलं रेडियम आलं. अर्ध्या तासात नाव चिकटवून मिळू लागलं आणि ब्रशवाल्यांचा धंदा बसला. रेडियमच्या कडा पेट्रोलने सुटतात, छायाही देता येत नाही. एअरब्रशला जागा मिळाली ती तिथेच.

काम असं चालतं. टाकी उतरवून पेट्रोल, झाकण, कॉक काढायचा. पाण्याने भरून धुवायची, पूर्ण वाळवायची. जुना रंग एनसी किंवा इनॅमलचा असेल तर पत्र्यापर्यंत काढावा, नाहीतर पीयूचं थिनर त्याला फुगवून सुरकुत्या आणतं. पुट्टी 80 आणि 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, 320 ने कड मिळवायची. मग हार्डनरवाला प्रायमर, 600 चा वॉटर पेपर, आणि 1.3 मिमी नोझलच्या गनने बेसचे दोन-तीन पातळ हात.

एअरब्रशला 0.3 मिमी नोझल आणि साधारण 15 ते 25 पीएसआय हवेचा दाब पुरतो. रंग दुधाइतका पातळ हवा. जास्त पातळ झाला किंवा टोक फार जवळ नेलं तर रंग कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. लांबून आणि जास्त हवेने मारला तर वाटेतच वाळून खरखरीत बसतो. स्टेन्सिलच्या कडेशी रंग जाड झाला की क्लिअरखालून उंचवटा दिसतो आणि तो घासताना चित्र जातं. म्हणून आधी क्लिअरचे दोन हात मारून रात्रभर ठेवायचं, 800 ने ओलं घासायचं, पुन्हा दोन हात द्यायचे, शेवटी 2000 चा पेपर आणि चमक आणणारं कंपाउंड. क्लिअरच्या दोन भागांना हार्डनर एक की चार भागांना एक, ते डब्यावर लिहिलेलं असतं. अंदाजाने ओतला तर क्लिअर मऊ राहतो नाहीतर तडकतो. आयसोसायनेटच्या घातक वाफेला रुमाल अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ शोषणारा) मास्क लागतो, आणि बंद खोलीत तोही अपुरा.

जुलैत साताऱ्याची दमट हवा कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठवते. तळाचा ड्रेन कॉक रोज उघडावा, लाइनला मॉइश्चर ट्रॅप (पाणी अडवणारा फिल्टर) लावावा, नाहीतर चित्रावर थेंब उडतात. मे महिन्यात सांगलीत उलटं: स्लो (सावकाश उडणारं) थिनर न घेतल्यास रंग नोझलच्या टोकालाच सुकतो.

सगळं नीट होऊनही टाकी बिघडते ती झाकणाच्या तोंडाशी. तिथे क्लिअरची कड उघडी राहिली तर पेट्रोल तिच्याखाली शिरतं आणि क्लिअर पापुद्र्याने सुटतो. क्लिअर तोंडाच्या गळ्यात, गॅस्केट बसते तिथपर्यंत न्यावा. जुनी गॅस्केट पुन्हा बसवू नये, आणि क्लिअर पुरता कडक होईपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, टाकीत पेट्रोल भरू नये.